वृद्धाश्रमात नव्याने राहायला जाताना: माणसं कशी जोडायची

वृद्धाश्रमात जायचं ठरलं की घरातली सगळी चर्चा खोली, जेवण, अनामत रक्कम आणि डॉक्टर किती वेळा येतात यावर होते. ते विचारायलाच हवं. पण तिथे सहा महिने काढलेल्या कुणालाही विचारून बघा. दिवस बरा गेला की वाईट, हे शेजारच्या खाटेवर कोण आहे, जेवताना समोर कोण बसतं आणि संध्याकाळी सातनंतर कुणाशी दोन शब्द बोलता येतात, यावर ठरतं. त्याची तयारी मात्र कुणी करून येत नाही. मी स्वतः अशा एका संस्थेत राहते, त्यामुळे खालच्या काही गोष्टी मत म्हणून घ्या, काही नियम म्हणून.

माझं मुख्य सांगणं असं की आल्या आल्या जिवाभावाचं माणूस शोधू नका. आधी चांगले शेजारी व्हा. मैत्री व्हायची असेल तर त्यातूनच होते, आणि नाही झाली तरी चांगल्या शेजारावर दिवस सुखाने निघतात.

१. संस्था बघायला जेवणाच्या वेळी जा

बहुतेक जण सकाळी अकराला जातात. तेव्हा फरशी पुसून झालेली असते, ऑफिसात कुणीतरी हसून स्वागत करतं आणि एक रिकामी खोली दाखवली जाते. त्यापेक्षा दुपारच्या जेवणाच्या घंटेला किंवा संध्याकाळच्या चहाला जा. लोक जेवताना बोलताहेत का? वाढणाऱ्या मावशी लोकांना नावाने ओळखतात का? हॉलमधल्या खुर्च्या टीव्हीकडे तोंड करून ओळीने मांडल्या असतील तर तिथे गप्पा होत नाहीत. समोरासमोर किंवा कोपऱ्यात तीन-चार अशा ठेवल्या असतील तर होतात.

ऑफिसात काही प्रश्न सरळ विचारा. खोलीतला जोडीदार कोण ठरवतं? नाही पटलं तर खोली बदलून मिळते का? पाहुणा जेवायला थांबू शकतो का? गेटबाहेर फिरायला जायला कुणाची सही लागते? आणि सर्वांत महत्त्वाचं, आधी आठ-पंधरा दिवस राहून बघता येतं का? अनेक ठिकाणी येतं, पण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

संस्थेच्या प्रकारावरही पुष्कळ काही ठरतं. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून एकोणिसाव्या शतकात उभ्या राहिलेल्या पुण्यातल्या ‘निवारा’सारख्या जुन्या संस्था, १९९५ साली सरकारने आणलेल्या मातोश्री योजनेतले वृद्धाश्रम, आणि अथश्रीसारखे स्वतंत्र सदनिकांचे प्रकल्प, या तिन्हींत माणसांचा सहवास वेगवेगळा असतो. सामायिक खोलीत एकटेपणा कमी, पण खासगीपणाही कमी. सदनिकेत दार लावून घेता येतं, आणि धोका तोच आहे. दार लावून घेतलं की चार-चार दिवस कुणी विचारत नाही. बोलक्या माणसाने सदनिकेत आणि अबोल माणसाने चार खाटांच्या खोलीत जायचं ठरवलं असेल तर पुन्हा एकदा विचार करा.

२. सामान बांधताना

कपडे, औषधं, कागदपत्रं यांची यादी संस्था देतेच. मी त्यात तीन गोष्टी घालेन. पत्त्यांचे दोन जोड, कारण संस्थेतल्या जोडातलं एखादं पान नेहमी हरवलेलं असतं. नातवंडांचा किंवा गावातल्या घराचा एखादा फोटो, जो खाटेशेजारी लावला की येणारा-जाणारा काहीतरी विचारतो. आणि खाऊचा एक डबा. फुटाणे-शेंगदाणे नकोत, कवळीवाल्यांची पंचाईत होते. गोड नको, अर्ध्या लोकांना मधुमेह असतो. साळीच्या लाह्यांचा बिनतिखट चिवडा बहुतेकांना चालतो.

कानाचं यंत्र घ्यायचं असेल तर यायच्या आधी घ्या आणि घरी महिनाभर वापरून सवय करून या. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

३. पहिला आठवडा

जेवणघरात पाटी कुठेच नसते, पण प्रत्येक खुर्ची कुणाची तरी असते. बसण्याआधी ‘इथे कुणी बसतं का?’ एवढं विचारा. हे न विचारता खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेल्या नव्या माणसाबद्दल पुढे कित्येक आठवडे बोललं जातं. चार-पाच दिवस वेगवेगळ्या टेबलांवर बसून बघा, मग एक जागा धरा आणि ती सोडू नका.

नावं लिहून ठेवा. वहीत खोली क्रमांक, नाव आणि एक खूण: ‘१२, कुलकर्णी काका, काठीला लाल फडकं’. या वयात नाव विसरलं तर कुणी रागावत नाही, पण नावाने हाक मारली तर चेहरा खुलतोच. काका, काकू, आजी, सर, बाई, ज्याला जी हाक रुचते ती मारा. आपल्याहून लहान असला तरी सुरुवात ‘अहो’नेच करा. कामवाल्या मावशींना आणि मामांनाही तेच. ज्या माणसाच्या हातून आंघोळ घालून घ्यायची वेळ उद्या येऊ शकते, त्याला आज ‘ए’ म्हणणं शहाणपणाचं नाही.

कर्मचाऱ्यांशी नातं नीट ठेवणं हा स्वतंत्र विषय आहे, पण एक नियम पुरेसा आहे. दिवाळीची बक्षिसी ऑफिसच्या मार्फत, सगळ्यांना मिळून द्या. एकीलाच गुपचूप पन्नास-शंभर देत राहिलात तर तुमचं गरम पाणी वेळेवर येतं आणि शेजारणीचं उशिरा. मग शेजारीण कुणावर रुसते, ते सांगायला नको.

पहिल्या आठवड्यात एक प्रश्न हमखास येतो: ‘मुलांनी ठेवलं का हो?’ उत्तर तयार ठेवा, छोटं आणि खरं. ‘घरी दिवसभर एकटी असायचे, इथे सोबत आहे,’ एवढं पुरतं. सून, इस्टेट, कोण काय म्हणालं, हे पहिल्या आठवड्यात कुणालाही सांगू नका. दुःख खरं असलं तरी ते इथे चहाच्या आधी तिसऱ्या मजल्यावर पोचतं. शिवाय सांगून झालं की पुढे बोलायला विषय उरत नाही आणि तुमची ओळख तेवढीच राहते.

४. खोलीतला जोडीदार

इथली निम्मी भांडणं पंख्याची असतात. एकाला गुडघ्यात वारा लागतो, दुसऱ्याला पंख्याशिवाय झोप येत नाही. उरलेली निम्मी रात्रीचा दिवा, खिडकी, स्पीकरवरचा फोन आणि न्हाणीघरातली ओली फरशी यांवरून. कुणाला बामच्या वासाने मळमळतं, कुणी पहाटे चारला उठून स्तोत्र म्हणतं. यातली एकही गोष्ट मोठी नाही, पण प्रत्येक रोज घडते.

म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच, अजून काही बिनसलेलं नसताना, समोरासमोर बसून बोला. ‘तुम्हाला रात्री दिवा लागतो का? मी दोनदा उठते, खडखड होईल, चालेल ना?’ आपली अडचण आधी सांगितली की समोरचाही आपली सांगतो. घोरणं असेल तर तेही सांगून टाका, कळणारच आहे. त्यानंतर ठरवून घ्या:

- पंखा मुख्यतः कुणाच्या सोयीने. ज्याला वाऱ्याचा त्रास होत नाही, त्याने खिडकीकडची खाट घ्यावी. अगदीच जमत नसेल तर ऑफिसला सांगून एक छोटा टेबलपंखा मागावा.
- रात्री मोठा दिवा लावायचा नाही. प्लगमधला छोटा दिवा किंवा उशाशी बॅटरी. अंधारात पडणं हे या वयात फार महाग पडतं, म्हणून पूर्ण काळोखाचा हट्टही नको.
- फोन स्पीकरवर खोलीबाहेर. ऐकू कमी येतं म्हणून स्पीकर लागत असेल तर जोडीदाराच्या फिरायच्या वेळी बोला.
- पाहुणे आले की दुसऱ्याने थोडा वेळ बाहेर जाणं, किंवा पाहुण्यांना बाहेरच्या बाकावर नेणं. मला दुसरं बरं वाटतं. खाटेवर पडलेल्या आजारी माणसाला आपल्या नातवंडांसाठी उठवू नये.
- देवाची जागा, उदबत्ती, मांसाहाराचा डबा. याबद्दल आडून टोमणे मारण्यापेक्षा सरळ विचारलेलं बरं.

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधल्या सरकारी वसाहतीचा नेहमॉ आणि लॉटन यांनी केलेला एक अभ्यास १९७५ साली प्रसिद्ध झाला. वेगळ्या वयाच्या आणि वेगळ्या वंशाच्या माणसांची मैत्री झाली होती ती बहुतांशी अगदी जवळ राहणाऱ्यांत. सारखेपणा नसला तरी जवळ राहण्याने काम भागवलं होतं. आपल्याकडे आडनाव विचारून जात काढण्याची खोड साठी उलटल्यावरही जात नाही. आपल्यातलं कुणी आहे का, हे शोधत तिसऱ्या मजल्यापर्यंत गुडघे दुखवत चढणारे लोक मी पाहते, आणि शेजारच्याच खाटेवर, वेगळ्या आडनावाचं, तेवढंच कोडं सोडवायची आवड असलेलं माणूस बसलेलं असतं.

५. एक ठरलेली वेळ, एक ठरलेलं काम

अमेरिकेतले अभ्यासक जेफ्री हॉल यांनी २०१८ साली नव्या गावात राहायला गेलेल्या प्रौढांचा आणि नवख्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण ५० तासांचा सहवास लागतो आणि जवळच्या मैत्रीला २०० हून जास्त, असा त्यांचा अंदाज आहे. ते लोक तरुण आणि परदेशातले होते, पण हिशोब आपल्याला उपयोगी आहे. रोज अर्धा तास एखाद्याबरोबर बसलात तर ५० तास व्हायला तीन महिन्यांहून थोडं जास्त लागतं. तेव्हा पंधरा दिवसांत ‘इथे माझं कुणीच नाही’ असा निकाल देऊ नका. आणि अर्धा तास रोज बसाच.

त्यासाठी वेळ ठरलेली हवी. सकाळची फेरी, चारचा चहा, संध्याकाळचा हरिपाठ, रात्रीच्या आधीचा बदामसातीचा डाव. ज्यात बोलावं लागत नाही असं काही निवडलंत तर आणखी चांगलं, कारण सुरुवातीला बोलायला विषय नसतो. भजनात, पत्त्यांत, भाजी निवडताना माणसं न बोलताही एकत्र असतात. मटाराच्या हंगामात स्वयंपाकघरातून दाणे सोलायला टोपली येते, तिच्याभोवती जेवढी माणसं एकमेकांना कळतात तेवढी कुठल्या ‘स्नेहमेळाव्या’त कळत नाहीत. व्यासपीठावरून शाल-श्रीफळ देणाऱ्या कार्यक्रमांनी फोटो होतात, बाकी फारसं काही होत नाही.

काम मागून घ्या. वर्तमानपत्रांची घडी घालून जागेवर ठेवणं, देवासाठी फुलं काढणं, नजर गेलेल्या एखाद्या काकांना बातम्या वाचून दाखवणं, वाढदिवसांची यादी फळ्यावर लिहिणं. एलेन लँगर आणि जुडिथ रॉडिन यांनी १९७६ साली अमेरिकेतल्या एका शुश्रूषागृहात केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं की तुमचे निर्णय तुम्ही घ्या, आणि सांभाळायला एकेक रोप दिलं. दुसऱ्या मजल्यावर रोपं दिली, पण पाणी कर्मचारी घालणार होते. काही आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरचे लोक जास्त टवटवीत आणि इतरांत मिसळणारे दिसले. म्हणून मुलगी ‘आई, आता तू नुसता आराम कर’ म्हणते तेव्हा मान डोलवा आणि फुलांची परडी उचला.

कामाची उलट बाजूही आहे: मदत मागा. सुई ओवून घ्या, फोनवरचा फोटो मोठा करून मागा. नव्या माणसाने मागितलेली छोटी मदत जुन्यांना आवडते. सतत फक्त देणाऱ्या माणसाची थोडी भीती वाटते.

सामायिक वर्तमानपत्रातलं शब्दकोडं पेनने एकट्याने भरू नका. यावर मी अधिक काही लिहीत नाही.

६. ऐकू येत नसेल तर

वृद्धाश्रमात ‘फार आखडू’ म्हणून प्रसिद्ध झालेल्या माणसांपैकी कित्येक फक्त बहिरे असतात. हाक ऐकू येत नाही म्हणून वळत नाहीत, विनोद कळत नाही म्हणून हसत नाहीत, चुकीचं उत्तर दिल्यावर लोक हसले म्हणून हॉलमध्ये येणं सोडतात. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ सालच्या अहवालात स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण टाळता येण्याजोग्या १४ गोष्टी आहेत, त्यांत श्रवणशक्ती कमी होणं आणि एकटं पडणं, दोन्ही आहेत.

आधी कानात मळ आहे का ते तपासून घ्या, कधी कधी तेवढंच असतं. यंत्र असेल तर सुरुवातीला शांत खोलीत एका माणसाशी बोलताना वापरा. भांड्यांच्या आवाजात, जेवणघरात पहिल्याच दिवशी लावलंत तर डोकं दुखेल आणि ते पुन्हा खणात जाईल. बसताना भिंतीकडे पाठ करून बसा, म्हणजे मागचा गोंगाट कमी. आणि सांगून टाका: ‘मला डाव्या कानाने कमी येतं, उजवीकडे बसा.’

समोरच्याला कमी ऐकू येत असेल तर ओरडू नका. तोंडासमोर, उजेडात, सावकाश बोला, आणि तिसऱ्यांदाही कळलं नाही तर वाक्य बदलून सांगा. ‘जाऊ दे, काही नाही’ म्हणणं टाळा. तेच सर्वांत जास्त लागतं.

७. गट, टोमणे आणि पैसा

प्रत्येक संस्थेत गट असतात. पैसे भरून राहणारे आणि विनामूल्य राहणारे, निवृत्त अधिकारी आणि बाकीचे, मालिकावाले आणि बातम्यावाले. मुलगा परदेशात असलेल्यांचाही एक गट असतो आणि तिथे स्पर्धा चालते. नव्याने आलेल्याला प्रत्येक गट पहिल्या महिन्यात बोलावतो, बहुधा दुसऱ्याविषयी सांगण्यासाठी. ऐका, पुढे नेऊ नका. टीव्हीचा रिमोट हातात आला तर लगेच ठेवून द्या.

टोमणे आणि छळ यांत फरक करा. एखादी काकू साडीवरून बोलते, तो टोमणा. कुणी रोज जेवणाच्या टेबलावर बसू देत नाही, वस्तू लपवतं, अंगावर धावून जातं, तो छळ. तो व्यवस्थापकांना सांगायचा, तारीख लिहून, शक्य तर लेखी.

पैशांचा व्यवहार सोबत्यांशी नको, दहा-वीस रुपयांच्या पलीकडे अजिबात नको. भिशी लावायची असेल तर ऑफिसला माहीत असू दे. एटीएमचा पिन आणि फोनवरचा ओटीपी शेजाऱ्याकडून वाचून घेऊ नका, तो कितीही सज्जन असला तरी. उद्या खात्यात काही गडबड झाली तर संशयात ते नातं जाईल. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याच्या वेळी ही अडचण हमखास येते. तेव्हा घरच्या माणसाला बोलवा किंवा संस्थेने बँकेचा माणूस बोलवायचा दिवस ठरवावा असा आग्रह धरा. सगळ्यांनी मिळून एसटीने तालुक्याला जाऊन बँकेचं काम उरकणं हाही एक चांगला बेत आहे. पंच्याहत्तरी पार केलेल्यांना २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे, ६५ च्या पुढच्यांना अर्ध्या तिकिटात. परतीच्या वाटेवर मिसळ खाल्ली तर डॉक्टरांना सांगायची गरज नाही.

८. बाई आणि पुरुष यांची मैत्री

होते. का होऊ नये? कोल्हापूर जिल्ह्यात घोसरवाडच्या जानकी वृद्धाश्रमात २०२३ साली पंच्याहत्तरीतल्या आजोबांचं आणि सत्तरीतल्या आजींचं लग्न संस्थेनेच लावून दिलं. पुण्यात माधव दामले यांनी २०१२ साली ज्येष्ठांसाठी लिव्ह-इन रिलेशनशिप मंडळच सुरू केलं. तेव्हा दोघं बाकावर बसून चहा पितात म्हणून कुजबुज करणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावं.

तुम्हाला स्वतःला असं कुणी आवडलं तर सुरुवातीला सगळ्यांसमोर, उघड्यावर भेटा. मुलांना बाहेरून कळण्याआधी स्वतः सांगा. लग्नाचा विचार असेल तर आधी निवृत्तिवेतनाची चौकशी करा. केंद्र सरकारच्या नियमांत विधवेने पुनर्विवाह केल्यावर कुटुंब निवृत्तिवेतन सामान्यतः बंद होतं, अपत्य नसलेल्या विधवेला सवलत आहे. आपल्या बाबतीत काय लागू आहे ते कार्यालयाकडून लेखी घ्या. आणि कुणी नको असताना मागे लागत असेल तर भिडेपोटी हसून वेळ मारून नेऊ नका. एकदा स्पष्ट ‘नाही’ म्हणा, मग ऑफिसला सांगा.

९. विसरणारे सोबती, आणि रिकामी खाट

एखाद्या आजी रोज पाच वाजता ‘मुलं शाळेतून येतील, मला घरी जायचंय’ म्हणून गेटकडे निघतात. त्यांना ‘मुलं साठ वर्षांची झाली’ हे सांगण्यात अर्थ नाही. ‘काय नाव हो मुलाचं? डब्यात काय द्यायचात?’ असं विचारत बरोबर दोन पावलं चाला. बहुतेकदा तेवढ्यात गेट विसरलं जातं. पण कालपर्यंत ठणठणीत असलेलं माणूस अचानक असंबद्ध बोलू लागलं, किंवा दोन वेळा जेवायला आलं नाही, तर रुसलं असेल असं समजू नका. लगेच सिस्टरना सांगा. लघवीच्या मार्गातल्या जंतुसंसर्गानेही या वयात अशी भूल पडते, आणि ती औषधाने उतरते. असं लक्षात येणं शेजाऱ्यालाच जमतं, कारण आठवड्यातून एकदा येणाऱ्या डॉक्टरला कालचं माणूस माहीत नसतं.

इथे माणसं जातात. संस्था पुष्कळदा घाईने खाट आवरते आणि इतरांना त्रास नको म्हणून गप्प राहते. गप्प राहण्याने त्रास वाढतो. कुणी गेलं तर संध्याकाळच्या प्रार्थनेत नाव घ्यावं, दोन माणसांनी दोन आठवणी सांगाव्यात, घरचे सामान न्यायला येतील तेव्हा त्यांना भेटावं, अशी पद्धत नसेल तर तुम्ही सुचवा. त्या खाटेवर येणाऱ्या नव्या माणसाला मात्र आधीच्याची गोष्ट पहिल्या दिवशी ऐकवू नका.

१०. घरच्यांशी, आणि जमलंच नाही तर

मुलांचा फोन ठरलेल्या वेळी घ्या आणि त्यांना रोज तक्रारींची यादी देऊ नका. भेटायला आले की इथल्या एका सोबत्याशी ओळख करून द्या आणि फोन नंबर एकमेकांना देऊन ठेवा. पुढच्या वेळी मुलगी खाऊ आणते तेव्हा दोघांना पुरेल इतका आणते, आणि तुम्ही फोन उचलला नाहीत तर कुणाला विचारायचं ते तिला माहीत असतं.

चार-सहा महिने मनापासून प्रयत्न करूनही जीव रमत नसेल तर आधी खोली बदला, मग मजला, मग संस्था. अनामत परत मिळण्याच्या अटी म्हणूनच येतानाच वाचायच्या असतात. झोप उडाली, भूक गेली, कशातच मन लागेना, असं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर त्याला ‘वयच झालं’ म्हणू नका, डॉक्टरांना दाखवा. संस्थेत किंवा घरच्यांकडून त्रास होत असेल तर ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे, फोन मोफत लागतो. मुलं खर्च द्यायचं थांबली तर आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठीच्या २००७ च्या कायद्याखाली निर्वाह न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. आपल्या राज्यात तो उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, म्हणजे प्रांत कार्यालयात द्यायचा, आणि त्यासाठी वकील लागत नाही.